तिसऱ्या बीपच्या आधी

सोल, ३० एप्रिल

दादा,

हा मेल लांबणार आहे, पत्रच समज. फोन करणार होते, पण फोनवर आपण दोन मिनिटांत भांडायला लागतो. मग इबू आईच्या काळजीने तुझ्या हातातून फोन ओढून घेते आणि जेवलीस का म्हणून विचारते. आज मला ते झेपलं नसतं.

सेलोत रेंज होती की नाही माहीत नाही, म्हणून सगळं सांगते. पात्रता फेरीत मी पंधरा मीटरची भिंत ६.७१ सेकंदांत चढले. आजवरची माझी सगळ्यात चांगली वेळ. सोळा जणींच्या फेरीत पोलंडची मुलगी होती, तिला मागे टाकलं. उपांत्यपूर्व फेरीत मात्र फॉल्स स्टार्ट. नियम तूच मला शिकवलास: तीन बीप, आणि तिसरा वाजल्यावर सेकंदाचा दहावा भाग उलटायच्या आत पाय सुरुवातीच्या पॅडवरून सुटला तर बाद. बोर्डावर माझा आकडा आला ०.०९१. म्हणजे नऊ सहस्रांश सेकंदाने गेले. मी तर वर धावतच होते, अर्ध्या भिंतीवर गेल्यावर लाल दिवा दिसला. दोराला लटकत खाली येताना लोक टाळ्या वाजवत होते, सांत्वनाच्या. त्या टाळ्यांचा इतका राग आला.

पॅड खराब होतं, दादा. माझ्या आधी त्याच लेनमध्ये आणखी एक जण बाद झाली होती. रेंगानिसलाही तसंच वाटतंय. रेंगानिस म्हणजे माझी खोलीतली जोडीदार, सुंबावा बेटावरची. मागे तुला फोटो पाठवला होता, दोन वेण्यांची. ती चौथी आली आणि तरी आनंद करायचा सोडून माझ्याबरोबर बसून राहिली.

हे अगदी तुझ्यासारखंच झालं. तुझंही राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत पॅड बिघडलं होतं, आणि पाक दर्मादींनी पंच म्हणून हात वर केला, 'मी पाय हललेला पाहिला.' स्वतः तुला दोर बांधायला शिकवलेला माणूस, आपल्यापासून चौथं घर. वडील म्हणून बापाकनी समितीला लिहिलेल्या तक्रारींची फाइल घरात असेलच. तिचे फोटो काढून पाठव. कशी तक्रार करायची ते मला बघायचंय.

तुझी,
आसिह


सेलो, ४ मे

आसिह,

रेंज होती. शाळेतल्या मास्तरांच्या खोलीत सगळ्यांनी मिळून पाहिलं. तुझी ६.७१ ची धाव मी नंतर चार वेळा पाहिली. आठव्या पकडीवरून डावा पाय जसा सुटतो तो बघण्यासारखा आहे. ते मी शिकवलेलं नाही, ते तुझं तू कमावलंस.

पॅडचं डोक्यातून काढ. हंगाम मोठा आहे, अजून तीन स्पर्धा आहेत. सुरुवात थोडी उशिरा कर. तिसरा बीप पूर्ण कानात शिरू दे, मग नीघ. सेकंदाचे दोन-तीन शतांश गेले तर वर भरून काढशील.

फाइल मिळाली नाही. माळ्यावर उंदीर झालेत, त्यांनी कुरतडली असावी. शोधत बसत नाही.

इथे गाजरं निघाली, पाऊस लांबला म्हणून बारीक राहिलीत. मेरापी ज्वालामुखी गेले आठ दिवस धुरकट आहे. इबू बरी आहे. जेवतेस का, म्हणून विचारतेय.

दादा


सॉल्ट लेक सिटी, २० मे

दादा,

पुन्हा.

या वेळी तर पहिल्याच फेरीत. ०.०८४. एवढं विमानात बसून यायचं आणि दोन पावलांत परत. मी जागची हलले नाही. भिंतीखालच्या गादीवर मांडी घालून बसले आणि म्हटलं, चित्रण दाखवा. पंच म्हणाले, पॅडचा आकडा अंतिम असतो. मी म्हटलं, मग पॅड तपासा. चार मिनिटं सगळी स्पर्धा थांबली. रेंगानिस येऊन शेजारी बसली, तिची धाव व्हायची होती तरी. शेवटी कोच वोवोरांनी दंडाला धरून उठवलं. त्यांची बोटं अजून उमटलीत.

बाहेर आल्यावर आपल्याकडच्या एका वार्ताहराने फोन केला. मी जे मनात होतं ते बोलले. दोनदा सारखं कसं होईल, पॅड तपासायला हवीत, आणि हे आमच्या घराला नवीन नाही. तुझं नाव सांगितलं. पाक दर्मादींचंही सांगितलं. का नाही सांगायचं?

आणि एक. मी इबूला फोन केला होता. ती म्हणाली फाइल कपाटात आहे, कुराणाखालच्या कप्प्यात, एक कोपराही कुरतडलेला नाही. तिने मला बापाकची तीन पत्रं वाचून दाखवली. तू खोटं का बोललास? मला वाटतं मला कळलंय. तुला ते सगळं पुन्हा उकरायचं नाही. तू असाच आहेस. तुझं सोन्याचं पदक गेलं, राष्ट्रीय संघातली जागा गेली, आणि तू एक शब्द न बोलता शाळेत शिट्टी वाजवायला लागलास. पण मी तशी नाही. तू गिळलंस म्हणून मीही गिळावं असं नाही.

मी संघाकडे लेखी तक्रार देतेय. सोबत बापाकची पत्रंही जोडणार.

आसिह


सेलो, २६ मे

आसिह,

पत्रं जोडू नकोस. वार्ताहराला सांग की माझं आणि पाक दर्मादींचं नाव घ्यायला नको होतं.

बातमी अर्धं पान आली. तुझा गादीवर बसलेला फोटो, खाली त्यांचा जुना फोटो. काल बाजारात कुणीतरी त्यांच्या बायकोच्या टोपलीत हात घालून म्हणालं, 'वजन नीट करा हं काकू, तुमच्या घरात डोळ्यांनी भलतंच दिसतं.' लोक हसले. मी तिथेच होतो, कोबी उतरवत होतो. विकायला आणलेल्या सोयाबीनच्या टेंपे-वड्या तशाच टाकून त्या घरी गेल्या.

तू चिडलीस ते समजतं. पण जे मला झालं ते आणि तुझं, यांची सांगड घालू नकोस. वेगळ्या गोष्टी आहेत. मोठा भाऊ म्हणून सांगतोय, एवढं ऐक. कारण विचारू नकोस.

दादा


बेकासी, ९ जून

दादा,

कारण विचारू नकोस म्हणे. नऊ वर्षांची असताना मला असं सांगितलं असतंस तर ठीक होतं.

इथलं सराव शिबिरातलं ऐक. आल्यापासून कोच वोवोरांनी मला भिंतीवर चढू दिलेलं नाही. रोज साठ सुरुवाती. पाय पॅडवर, हात पहिल्या पकडीवर, टूं, टूं, टीं, एक पाऊल, खाली. पुन्हा पाय पॅडवर. बाकीच्या मुली वर धावतात आणि मी जमिनीवर. परवा त्यांनी मला दोन्ही स्पर्धांचं चित्रण हळू करून दाखवलं. टाच उचललेली दिसते, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, कॅमेरा तिरका आहे. त्या म्हणाल्या, 'आसिह, तू ऐकत नाहीस. तू मोजतेस. दोन बीपमधलं अंतर तुला पाठ आहे, त्यावरून तिसरा कधी येणार याचा अंदाज बांधतेस आणि सुटतेस. कधी जमतं, कधी अंगाशी येतं. हे कुणी शिकवलं?'

मी म्हटलं, माझ्या दादाने.

त्यावर त्यांनी चित्रण बंद करून टाकलं. मला ते आवडलं नाही.

आता मुख्य गोष्ट. संघाने कळवलंय, पंधरा दिवसांत ते सगळं बोलणं लेखी मागे घे, नाहीतर युरोपच्या यादीत तुझं नाव नसेल. रेंगानिस म्हणते, घे मागे, कागदच तो, मनात काय ठेवायचं ते ठेव. तिला तसं जमतं, ती कशावरही हसू शकते. मला नाही जमत. तू अकरा वर्षं कुणापुढे झुकला नाहीस. बापाक मरेपर्यंत झुकले नाहीत. मग मीच का? हुकू दे युरोप. वर्ष गेलं तर गेलं. तू तर सगळं आयुष्य घालवलंस, मी एक वर्ष घालवू शकत नाही का?

तुला अभिमान वाटेल असं समजते. नसेल वाटत तर तसं लिही.

आसिह


सेलो, १४ जून

आसिह,

माझा पाय हलला होता.

हे वाक्य लिहून पाऊण तास झाला. खाडाखोड केली नाही, आता पुढचंही लिहून टाकतो.

पॅड ठीक होतं. पाक दर्मादींनी जे पाहिलं ते खरं होतं. तुझ्या कोच म्हणाल्या तसंच मी करायचो, ऐकायचो नाही, मोजायचो. त्या दिवशी हात घामेजले होते आणि पहिला बीप वाजल्यावरच मला कळलं की आज मोजणी पळतेय. टाच सुटली तेव्हा तिसरा बीप वाजलाच नव्हता. मला पायाखाली कळलं ते. जिना उतरताना एक पायरी कमी असली की जसं कळतं तसं.

खाली उतरलो तर बापाक गर्दी सारत येत होते. नवा शर्ट घातलेला, घडीच्या रेघा तशाच होत्या. त्यांनी आरडाओरडा केला असं सगळे सांगतात, पण तो नंतर. आधी ते माझ्याजवळ आले आणि अगदी हळू विचारलं, 'हलला का रे?' मी म्हटलं, 'नाही.'

एवढंच. वाटलं, घरी गेल्यावर सांगू. पण मी नाही म्हणायची खोटी, ते वळले आणि पाक दर्मादींकडे गेले. मी त्यांना कधी कुणावर हात उगारताना पाहिलं नव्हतं. दोघांनी धरलं म्हणून झालं नाही. मग घरी आल्यावर तर ते पत्र लिहायलाच बसले. शेतकी खात्याचा फॉर्मसुद्धा माझ्याकडून भरून घेणारा माणूस, माझ्यासाठी स्वतः लिहायला बसला. तेव्हा कसं सांगायचं? दुसऱ्या दिवशी आणखी अवघड झालं, महिन्याने त्याहून अवघड. सत्तावीस पत्रं लिहिली त्यांनी. प्रत्येक पत्र मला वाचून दाखवायचे. मी शुद्धलेखन तपासायचो.

बापाक गेल्यावर सातव्या दिवसाच्या पठणाला पाक दर्मादी आले होते, हे तुला माहीत नाही. तू इबूजवळ आत होतीस. फाटकाशी मी उभा होतो. ते चपला काढायला वाकले. मी म्हटलं, 'इबूला त्रास होईल, आत येऊ नका.' ते म्हणाले, 'बरं.' सरळ उभे राहिले आणि गेले. तेव्हा तर बापाक नव्हते. तेव्हा कुणासाठी खोटं बोललो, हे मला अजून सांगता येत नाही.

तू म्हणतेस मी झुकलो नाही, गिळलं. मी गिळलं नाही, आसिह. मी लपून बसलो. राष्ट्रीय संघाने नंतर दोनदा चाचणीला बोलावलं होतं. मी गेलो नाही, कारण पुन्हा पॅडवर पाय ठेवायची छाती नव्हती.

लिहिलेलं मागे घे. युरोपला जा. आणि मोजू नकोस.

दादा


व्हिलार, ७ जुलै

दादा,

मागे घेतलं. संघाला माफीचं पत्र दिलं. त्या वार्ताहरालाही कळवलं, तो म्हणाला छापण्यासारखं काही वाटलं तर बघतो.

तुझा मेल आला तेव्हा आम्ही जेवत होतो. मी उठून गेले. रेंगानिस मागे आली, काय झालं विचारत राहिली. मी सांगितलं नाही. काय सांगणार? की माझा दादा खोटारडा आहे?

मी नऊ वर्षांची होते. तुला आठवत नसेल, पण पाक दर्मादींच्या दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर मी शेण फेकलं होतं. पांढऱ्या नमाजाच्या कपड्यांवर. त्यांनी मला पाहिलं. ओरडले नाहीत, दोरीवरून एकेक कपडा काढून आत नेला. मी घरी येऊन तुला सांगितलं, आणि तू मला जवळ घेतलंस. जवळ घेतलंस, दादा. बरं केलंस म्हटलं नाहीस, वाईट केलंस असंही म्हटलं नाहीस. मी अकरा वर्षं समजत होते की तुला ते आवडलं.

मी भिंतीवर चढायला लागले ते कुणासाठी? तुझं हिरावलेलं परत आणायचं होतं मला. आता कळतंय, हिरावलेलं असं काही नव्हतंच.

इथला निकाल विचारशील तर सांगते. इतकी घाबरले होते की तिसरा बीप वाजल्यावरही पाय उचलेना. ०.३८. शेजारची मुलगी तिसऱ्या पकडीवर पोचली तेव्हा मी निघत होते. हाताभराने हरले. स्वच्छ सुरुवात, आणि पहिल्याच फेरीत बाहेर. कोच वोवोर पाठीवर थाप मारून म्हणाल्या, 'हे बरं झालं.' मला त्यांच्या अंगावर पाण्याची बाटली फेकावीशी वाटली.

तू इबूला सांग. पाक दर्मादींना सांग, त्यांच्या बायकोसमोर. पंधरा तारखेपर्यंत सांगितलं नाहीस तर मी घरी फोन करून सांगेन. तोवर मला लिहू नकोस.

आसिह


सेलो, १३ जुलै

आसिह,

सांगितलं.

पाक दर्मादी मागच्या अंगणात कोंबड्यांचं खुराडं दुरुस्त करत होते. मला पाहून तार वळायची थांबले नाहीत.

मी म्हटलं, 'पाक, माझा पाय हलला होता.'

'माहीत आहे. मीच पाहिला.'

'माफी मागायला आलोय.'

'ते फाटकापासूनच दिसलं.' मग तारेचं टोक पक्कडीने पिळून घट्ट केलं. 'आजच कसं सुचलं?'

'आसिहने सांगितलं, जा म्हणून.'

'म्हणजे तुझं तुला नाही.'

'नाही.'

'हे निदान खरं बोललास.' त्यांनी पक्कड खाली ठेवली. 'तुझ्या बापाची पत्रं प्रत्येक समितीच्या टेबलावर गेली. त्यानंतर मला कुणी पंच म्हणून बोलावलं नाही. मला त्याचं फारसं नाही. जिल्ह्यात सगळ्यात चांगली सुरुवात करणारा पोरगा मी तयार केला होता, तो नंतर भिंतीला शिवलाच नाही, त्याचं मला होतं. आता तेही नाही राहिलं. चहा घे. माफ केलं वगैरे मला बोलता येत नाही.'

चहा बायकोने आणला नाही, त्यांनीच आणला. ती आतून म्हणाली, 'त्याला म्हणावं, बाजारात बोललं गेलंय ते बाजारातच जाऊन बोल. माझ्या अंगणात नको.'

मग गेलो. परवा बाजारच होता. काट्याजवळ उभा राहून मोठ्याने सांगितलं. लोकांनी खाली बघितलं. कोबीवाला म्हणाला, 'जाऊ द्या हो गुरुजी, जुनं झालं ते,' आणि मला बाजूला व्हायला सांगितलं, मागे गिऱ्हाईक उभं होतं. बस. बातमी अर्धं पान आली होती, आणि खरं कुणाला ऐकायचंच नाही. त्या वार्ताहराला मीही दोन फोन केले, उचलत नाही.

आता इबूचं. तिला स्वयंपाकघरात सांगितलं. ती मिरच्या वाटत होती. सगळं ऐकून म्हणाली, 'तू खोटं बोलतोयस.' मी म्हटलं, 'इबू, अकरा वर्षं बोललो, आता नाही.' ती म्हणाली, 'दर्मादीची बायको बाजारातून रडत गेली ते तुला बघवलं नाही. तू पहिल्यापासून मऊ आहेस. म्हणून अंगावर घेतोयस. तुझे बापाक चुकले नव्हते.' मी शपथ घेतली. ती म्हणाली, 'शपथ घेऊ नकोस, पाप लागेल,' आणि वाटत बसली. फाइल तिने कपाटातून काढून स्वतःच्या उशाशी ठेवलीय.

खोटं बोललो तेव्हा एका शब्दावर विश्वास ठेवला सगळ्यांनी. आता खरं सांगतोय तर माझी आईच ऐकत नाही. मला यातून सुटल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही वाटत नाही, हे तुला कळवतो.

तू सांगितल्याशिवाय आता लिहिणार नाही.

दादा


बेकासी, २४ सप्टेंबर

दादा,

दोन महिने उत्तर दिलं नाही. काय लिहावं कळत नव्हतं. आजही तुझ्यासाठी लिहीत नाहीये, इथे बोलायला कुणी उरलं नाही म्हणून लिहितेय.

चीनमध्ये वूजियांगची शेवटची स्पर्धा झाली. आशियाई स्पर्धेसाठी आपल्या दोनच मुली जाणार. एक नाव आधीच पक्कं होतं. दुसरी मी की रेंगानिस, ते तिथे ठरणार होतं, दोघींत जी पुढे तिचं. झालं असं की दोघी उपांत्य फेरीत हरलो आणि तिसऱ्या क्रमांकासाठी एकमेकींसमोर आलो. सकाळी तिनेच माझी वेणी घातली होती. म्हणाली, 'आज तुला रडवते बघ,' आणि दातांत पिन धरून हसत होती.

मी जूनपासून कोच वोवोरांच्या त्या साठ सुरुवाती केल्या आहेत. डोळे मिटून. आता मला मोजता येत नाही, मोजायला गेले तरी विसरायला होतं. फक्त कान उघडे असतात. त्यामुळे पहिला बीप, दुसरा बीप, आणि मग तिसऱ्याच्या आधी मला शेजारच्या लेनमधून, पाय सुटण्याआधी टाच उचलताना होतो तसा, रबर घासल्याचा आवाज आला. एवढासा. मग तिसरा बीप, आणि तिच्या बाजूचा लाल दिवा.

तिचा आकडा ०.०९६. चार सहस्रांशाने.

ती गादीवर बसली, मांडी घालून. माझ्याकडे बघून म्हणाली, 'ये, बस.' सॉल्ट लेकला ती जशी माझ्याशेजारी बसली होती तशी मी बसेन, अशी तिची खात्री होती. मी उभीच राहिले.

मग आमच्या व्यवस्थापकांनी तक्रारीचा कागद आणला. म्हणाले, 'आसिह, पॅडबद्दल तू मे महिन्यातच बोलली होतीस. समोरच्या खेळाडूची सही असली तर वजन पडेल, पुन्हा धावायला लावतील. दोघी आपल्याच, आपल्याला काय फरक पडतो.' मी म्हटलं, मी सही करणार नाही. त्यांनी विचारलं का. सगळे होते तिथे. मी म्हटलं, 'तिचा पाय आधी हलला. मी ऐकलं.'

दादा, माझ्या तोंडून हे निघालं तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे कसं पाहिलं ते तुला सांगता येणार नाही. मे महिन्यात मी खोटं बोलत होते तेव्हा सगळे हळहळले होते. आता खरं बोलले, आणि पदक आणि जागा दोन्ही माझ्याच पदरात. म्हणजे मी मिळवण्यासाठीच बोलले असं कुणालाही वाटणार. मी त्यांच्या जागी असते तर मलाही वाटलं असतं. न चढलेल्या शर्यतीचं कांस्यपदक गळ्यात घालून मी उभी होते आणि फोटो काढणारा हसा म्हणत होता.

विमानात ती माझ्या शेजारीच होती, जागा आधीच ठरलेल्या. सहा तास खिडकीकडे तोंड. जेवण आलं ते तिने तसंच परत केलं. उतरायच्या थोडं आधी, खिडकीकडेच बघत, तिने विचारलं, 'खरंच ऐकलंस?'

'हो.'

'मग आधी मला एकटीला का नाही सांगितलंस? कानात सांगितलं असतंस तर मीच उठले असते.'

तेव्हा गादीवर ती बसली होती, मी दोन हात अंतरावर उभी होते, वाकून सांगायला किती वेळ लागला असता? मला खरं बोलायचं इतकं होतं की ती दिसलीच नाही. तुझ्यासारखं करायचं नाही, एवढंच डोक्यात होतं.

खोलीतून तिने तिचं सामान हलवलंय. आज सकाळी मी तिला विचारलं, आशियाई स्पर्धेच्या सरावाला माझ्या शेजारच्या लेनमध्ये धावशील का, तुझ्याइतकी वेगवान इथे कुणी नाही. मला वाटलं दार लावून घेईल. म्हणाली, 'धावेन. बोलणार नाही.' सोमवारपासून सुरू.

तू काय केलंस ते मला पटलेलं नाही, कधी पटेल असंही वाटत नाही. पण 'नाही' हा शब्द तोंडातून सुटल्यावर माणूस कसा अडकतो, ते थोडं कळायला लागलंय. त्याने राग कमी होईल असं वाटलं होतं, तसं झालं नाही.

नोव्हेंबरच्या आशियाई स्पर्धेआधी चार दिवसांची सुट्टी आहे. घरी येईन. इबूशी मी बोलेन, तिने ऐकलं नाही तरी. पाक दर्मादींकडे मला माझं माझं जायचंय, ते कपड्यांचं सांगायला. तू बरोबर यायचं नाहीस. आणि मला न्यायला बोयोलालीच्या स्टँडवर येऊन उभा राहू नकोस. वर येणाऱ्या गाडीत बसून मी येईन माझी मी. तू घरी थांब.

आसिह